अक्षर बाळंतिणीच्या खोलीपर्यंत

मराठी मुलखातील वाचन-लेखन आणि आरोग्य यांचा संबंध शोधायचा तर शाळेच्याही आधी बाळंतिणीच्या खोलीकडे पाहावे लागते, कारण ज्या काळात या खोलीत वावरणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षर ठाऊक नव्हते, त्या काळातही तिथे एक कोरा कागद ठेवलेला असे. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री, काही घरांत सहाव्या रात्री, पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करण्याची चाल महाराष्ट्रात दूरवर होती आणि पुष्कळ घरांत ती आजही आहे. सटवाई म्हणजे षष्ठी, नवजात मुलांवर जिची सत्ता चालते अशी देवता. ती त्या रात्री येते आणि मुलाच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, असा समज आहे. तिला लिहिता यावे म्हणून पूजेत कागद, बोरू आणि दौत ठेवत. लिहिणारी एकटी सटवाई. आई, सुईण, आजी यांच्यापैकी कोणी त्या बोरूला हात लावायचा नव्हता, आणि लावला असता तरी त्यांना त्याने काही लिहिता आले नसते.

ही रात्र नेमकी पाचवी किंवा सहावीच का असावी, याचा विचार वैद्यकाच्या अंगाने केला तर एक कठोर गोष्ट समोर येते. नाळ विळ्याने किंवा हाताशी असेल त्या पात्याने कापली जाई आणि तिच्या देठावर राख किंवा शेण लावले जाई, तेव्हा त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत. या रोगाची लक्षणे जन्मानंतर साधारण पहिल्या आठवड्यात दिसू लागतात. चांगले दूध पिणारे मूल अचानक जबडा आवळून धरते, अंग धनुष्यासारखे ताठते आणि दोन-तीन दिवसांत जाते. पाचवी-सहावीची धास्ती अशा असंख्य मृत्यूंच्या अनुभवातून आली असावी, असे मानायला पुष्कळ जागा आहे. आयांचे निरीक्षण अचूक होते. कोणत्या दिवसांत धोका आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. मात्र ते निरीक्षण कोठे टिपून ठेवायचे, एका घरातले दुसऱ्या घरातल्याशी ताडून पाहायचे आणि त्यातून विळ्यापर्यंत, राखेपर्यंत पोहोचायचे, याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

लेखनविद्या मराठी समाजात नव्हती असे मुळीच नाही. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची खतावणी, सरदाराच्या पदरी असलेल्या कारकुनांचा पत्रव्यवहार, हे सारे मोडीत, म्हणजे कलम न उचलता भरभर लिहिण्याच्या वळणदार लिपीत, अव्याहत चालत असे. वैद्यांच्या घरी बाडे असत. बाड म्हणजे हाताने उतरवून घेतलेल्या मजकुराची लांबट वही, आणि तिच्यात काढे, मात्रा, अनुपाने पिढ्यान्‌पिढ्या नोंदली जात. परंतु ही सारी अक्षरे मोजक्या जातींच्या आणि त्यांतही पुरुषांच्या ताब्यात होती. शिकलेल्या बाईच्या नवऱ्याला आयुष्य लाभत नाही, अशी भीती घरोघर सांगितली जात असे. सुईणपण बहुधा ज्या जातींच्या स्त्रियांकडे होते, त्यांना तर पाटी-पेन्सिलीची सावलीसुद्धा मिळत नसे. परिणामी बाळंतपणाचे सारे ज्ञान तोंडी राहिले. आजीबाईचा बटवा ज्याला म्हणतात त्या ज्ञानात बाळगुटी, वावडिंग, ओवा, शेक यांचा पारखून घेतलेला अनुभव होता, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तोंडी ज्ञानाची एक मर्यादा अशी की त्यात यश लक्षात राहते आणि अपयश सटवाईच्या नावावर जाते.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, तेव्हा वैद्यकाची अक्षरे प्रथम पुरुषांकडेच गेली. मुंबईत १८२६ साली देशी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकीय शाळा सरकारने काढली, तिथे डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून शिकवण्याचा प्रयोग झाला आणि त्यासाठी वैद्यकाचा मजकूर देशी भाषांत उतरवावा लागला. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून शिकवणारे, आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखे तेजस्वी विद्यार्थी त्याच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. नव्या वैद्यकाचे ज्ञान मुंबईत आले, पुस्तकांत आले, डॉक्टरांच्या डोक्यात आले. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर मात्र ते अडले, कारण परपुरुषाला आत प्रवेश नव्हता आणि आतल्या बाईला पुस्तक वाचता येत नव्हते. हा उंबरा ओलांडला गेला तो डॉक्टरांच्या प्रयत्नाने नव्हे, तर मुलींच्या शाळांमुळे, आणि म्हणून या इतिहासाचे खरे पहिले साल १८४८ मानले पाहिजे.

त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढच्या काही वर्षांत मांग-महार मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. या शाळांतून शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध दलित स्त्रीचे पहिले उपलब्ध लेखन म्हणून ओळखला जातो, धर्माविषयीच्या त्याच्या धीट प्रश्नांची चर्चाही पुष्कळ झाली आहे. परंतु त्यात एक जागा अशी आहे की आरोग्याच्या इतिहासकाराने तिथे थांबलेच पाहिजे. आपल्या जातीच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती मुलगी वाचणाऱ्यांना बजावते. आणि त्या वेळी त्यांना काही आजार झाला तर डॉक्टरला आणि औषधाला पैसा कोठून येणार, फुकट औषध देईल असा डॉक्टर कोण आहे, असे विचारते.

तीन-चार वर्षांच्या शाळेने या मुलीला काय दिले, हे येथे स्पष्ट दिसते. तिच्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला ही गोष्ट ठाऊक होती. पण जे ठाऊक असते ते नशीब वाटते, आणि तेच कागदावर मांडले की त्याचा प्रश्न होतो, ज्याचे उत्तर कोणाकडे तरी मागता येते. तिच्या वाक्यांत छप्पर, थंडी, पाऊस, रोग, औषध, पैसा हे एकामागून एक कारणपरंपरेने येतात. बाळंतिणीच्या मृत्यूची कारणे समाजाच्या रचनेत शोधणारे मराठीतील हे बहुधा पहिले लेखन असावे, आणि ते एका शाळकरी मुलीच्या हातून झाले ही गोष्ट महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवी.

त्याच १८५५ मध्ये फुले दांपत्याने दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी लोकलाजेस्तव गर्भपात किंवा बालहत्या करू नये, येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यात भिंतींवर लावल्या गेल्या. ज्या स्त्रीला आपले दुःख सख्ख्या आईलाही सांगता येत नव्हते, तिच्यापर्यंत भिंतीवरचा कागद पोहोचत होता, तिने स्वतः तो वाचला असो की कोणाच्या तोंडून ऐकला असो. या गृहात जन्मलेल्या यशवंतला फुल्यांनी दत्तक घेतले, तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांना पोहोचवताना सावित्रीबाईंना त्या रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिकांबरोबरच स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. या देशातील स्त्री आपले दुखणे पुरुषाला सांगण्याऐवजी ते अंगावर काढते आणि अकाली मरते, हे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी निघालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकात अपत्यसंगोपनाचाही विचार आहे. मराठी वाचता येणाऱ्या स्त्रीला स्त्रीनेच सांगितलेल्या संगोपनाच्या गोष्टी छापील स्वरूपात हाती येण्याचा तो प्रारंभ होता. पुढच्या वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले, १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन होऊन स्त्रियांसाठी स्त्री-वैद्यक पुरवण्याचे काम देशभर सुरू झाले, आणि १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय स्त्रिया व मुले यांच्यासाठी खुले झाले.

त्याच १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांचे चरित्र महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे, परंतु त्याचा एक धागा या विषयाच्या दृष्टीने वेगळा काढून दाखवावा लागतो. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. सहा वर्षांनी त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. बाळंतिणीच्या खोलीत जे सोसले त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याइतके अंतर त्यांना अक्षरांनी दिले. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, क्षयाने त्यांचा अंत झाला आणि त्या विद्येचा उपयोग एकाही मराठी बाळंतिणीला झाला नाही. पण त्यांच्यामागे हा मार्ग अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही.

तो मार्ग पुरा चालून दाखवला रखमाबाईंनी. बालपणी झालेले लग्न मान्य नसल्याने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, त्याबद्दल मुंबईच्या न्यायालयात १८८४ पासून चार वर्षे खटला चालला, आणि त्या काळात ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने त्यांनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण तुटते, शरीर पक्व होण्याआधी मातृत्व येते आणि त्यातून दुबळी संतती निपजते, ही साखळी त्यांनी त्या पत्रांत मांडली. त्यांच्या खटल्याने आणि पत्रांनी पेटवलेल्या वादाची परिणती १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात झाली, ज्याने मुलीचे संमतीचे वय १० वरून १२ केले. आजच्या दृष्टीने ही वाढ तुटपुंजी वाटेल, पण कोवळ्या मुलींच्या शरीराचे रक्षण हा कायद्याचा विषय आहे हे त्यातून ठरले, आणि टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांचा त्यात वाटा होता. रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्याची कित्येक दशके घालवली.

डॉक्टर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळे खोलीच्या आत अक्षर खऱ्या अर्थाने नेले ते परिचारिकांनी आणि शिकलेल्या सुइणींनी. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवासदनाने प्रौढ स्त्रियांना, विशेषतः विधवांना, आधी लिहायला-वाचायला शिकवून मग शुश्रूषेच्या शिक्षणाकडे पाठवण्याची रीत घातली. हा क्रम आवश्यक होता, कारण शुश्रूषेचे नवे काम अक्षरांवाचून होणारच नव्हते. बाटलीवरची चिठ्ठी वाचणे, औषधाचे किती थेंब किती वेळाने द्यायचे हे पाहणे, तापमापकातील पाऱ्याची रेघ कोणत्या आकड्याला टेकली ते ओळखणे आणि तो आकडा वेळेसह तक्त्यावर मांडणे, या साऱ्या क्रिया वाचन-लेखनाच्याच आहेत. तापाचा तक्ता म्हणजे चौकटींच्या कागदावर सकाळ-संध्याकाळचे ताप ठिपक्यांनी दाखवून ते रेघेने जोडणे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती रेघ एकदम वर चढू लागली तर सूतिकाज्वराची, म्हणजे प्रसूतीत शिरलेल्या जंतूंमुळे येणाऱ्या आणि पुष्कळदा प्राणघातक ठरणाऱ्या तापाची शंका घ्यायची, हे त्या रेघेवरून कळे. पूर्वी जे ‘अंग गरम लागते’ एवढ्या शब्दांत विरून जात होते, ते आता कागदावर दिसू लागले, आणि जी बाई काल अशुभ म्हणून कोपऱ्यात बसवली गेली होती तिच्या हातची ती रेघ पाहून डॉक्टर निर्णय घेऊ लागले. त्या बाईच्या स्वतःच्या जगण्याला त्याने काय दिले असेल, याचा हिशोब कोणत्याही तक्त्यात मांडलेला नाही.

वाचन-लेखनाचा आणखी एक उपयोग मराठी समाजाला र. धों. कर्वे यांच्यामुळे कळला. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या विषयावर १९२३ मध्ये मराठीत पुस्तक लिहिले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले, जे १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अतोनात अडचणींत चालले. नोकरी गेली, उत्पन्न आटले, आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या साथीनेच हे काम तगले. या मासिकाचे मर्म वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होते. वारंवारच्या बाळंतपणाने खचलेली बायको, गुप्तरोगाचा संशय, लग्नाआधीची धास्ती, हे विषय डॉक्टरसमोर बसूनही ज्यांच्या तोंडून निघत नव्हते, अशी माणसे ते कर्व्यांना पत्राने कळवत. तोंडाने जे बोलवत नाही ते लिहवते, हा लेखनाचा गुण आरोग्याच्या कामी इतक्या सरळपणे क्वचितच वापरला गेला असेल. पत्र लिहिणाऱ्याला आपले नाव झाकता येते, शब्द जुळवायला वेळ मिळतो, उत्तर एकांतात पुन्हा पुन्हा वाचता येते. आणि ते छापून आले की तोच प्रश्न मनात दाबून बसलेल्या शेकडो अनोळखी माणसांना आपण एकटे नाही हे कळते.

वाचकांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मुंबईत मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, आणि वाचक जर अशा शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान देणे हाच उपाय आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि कर्व्यांना दंड झाला. तरीही शाळेचा आणि पाणवठ्याचा हक्क मागणारा पुढारी आरोग्याविषयी लिहिण्या-वाचण्याच्या हक्कासाठी न्यायालयात उभा राहतो, याचे महत्त्व निकालाने कमी होत नाही.

हे सारे झाले तरी अक्षर मोजक्याच घरांत होते. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के निघाले, स्त्रियांचे ८.८६ टक्के, म्हणजे दर अकरा-बारा बायकांत एक. मुंबईत प्रौढांसाठी साक्षरता वर्गांचे काम १९३९ पासून संघटितपणे चालू होते, आणि १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, जी पुढे राज्यभर नेण्यात आली. गावातील शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी विनामोबदला रात्रीचे वर्ग चालवायचे, गावातील सारे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची पद्धत होती. पन्नाशीला टेकलेल्या बायका भर मंडपात उभ्या राहून वाचून दाखवत, हा त्या समारंभांचा मोठा प्रसंग असे. पुढे वाचायला काही हाती न राहिल्याने पुष्कळांची अक्षरओळख पुसट झाली, हेही खरे. नवसाक्षर म्हणजे नुकतेच वाचायला शिकलेले प्रौढ, आणि त्यांच्या जोगी पुस्तके गावोगाव पोहोचत नव्हती. १९६७ मध्ये राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यामागे ही उणीव भरून काढण्याचीही निकड होती.

आईला वाचता येण्याने मूल का वाचते, याचा शास्त्रीय शोध मात्र बराच उशिरा लागला, आणि तो लागला दूर नायजेरियात. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये तेथील माहितीवरून दाखवले की घरची मिळकत, बापाचा व्यवसाय, दवाखान्याची जवळीक या गोष्टी बाजूला काढल्या तरी शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात. आईला औषधाची चिठ्ठी वाचता येते एवढ्यावर त्यांनी याचे कारण ठेवले नाही. शिकलेली आई आजाराला नशीब म्हणून सोडून देत नाही. दवाखान्यात ती आपले म्हणणे मांडते, बरे न वाटल्यास परत जाते. आणि सर्वांत मोठे म्हणजे घरातील सत्तेचा तोल बदलतो, मुलाला केव्हा न्यायचे हा निर्णय सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातून थोडाफार तिच्या हाती येतो. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे, कारण मुक्ता साळवे यांच्या निबंधात, रखमाबाईंच्या पत्रांत हाच बदल घडताना दिसतो. भारताच्या १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही निरक्षर आयांच्या तुलनेत माध्यमिक शिक्षण पुरे केलेल्या आयांच्या मुलांचा मृत्युदर निम्म्याहून कमी आढळला. शिकलेल्या घरात पैसा, पाणी, निवारा हेही बरे असते, त्यामुळे यातील सारे श्रेय अक्षरांना देणे योग्य नाही. पण जे उरते तेही थोडे नाही.

महाराष्ट्रातील दोन प्रयोगांनी हा विचार अधिक नेमका केला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात ज्या ग्राम आरोग्य सेविका घडवल्या, त्यांत निरक्षर आणि दलित स्त्रिया पुष्कळ होत्या. गाणी, चर्चा आणि रोजचा सराव यांतून त्या शिकल्या आणि त्यांच्या गावांत बालमृत्यू झपाट्याने उतरले. अक्षरांवाचूनही बाई आरोग्य राखू शकते, हे जामखेडने निर्विवाद सिद्ध केले. तिला विश्वास, मान आणि शिकण्याची संधी मिळावी लागते, आणि अक्षरे हा त्या संधीचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, याच प्रश्नाची दुसरी बाजू आली. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो हे मोजून न्यूमोनिया ओळखता येतो, परंतु गावच्या दायांना, म्हणजे सुइणींना, पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यासाठी एक साधे उपकरण तयार करण्यात आले, ज्यात एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दाईने दहापर्यंत श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा, पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करायचा. तान्ह्या बाळांचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्यांच्यासाठी मण्यांची ओळ वेगळी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या हाती नोंद ठेवण्याचे साधन देणे म्हणजे काय, हे त्या मण्यांकडे पाहून जितके कळते तितके कोणत्याही व्याख्येने कळत नाही. मोजणे हे लिहिण्याचेच आदिरूप आहे, आणि सरकवलेला मणी ही एक नोंद आहे.

१९९० च्या दशकात नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग याच संस्थेने ३९ गावांत केला, तेव्हा मात्र पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या, कारण या कामात नोंद हाच पाया होता. त्यांना आरोग्यदूत म्हणत. प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात मृत्यू होत होते ते १९९८ पर्यंत सुमारे २६ वर आले, शेजारच्या ज्या गावांत हा उपक्रम नव्हता तिथे प्रमाण जवळजवळ तेच राहिले, आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशाच्या आरोग्य धोरणात ही पद्धत २०११ मध्ये आली आणि आशा कार्यकर्त्या, म्हणजे गावपातळीवरच्या मान्यताप्राप्त आरोग्य सेविका, तिच्याप्रमाणे घरभेटी देऊ लागल्या. नवजात आणि प्रसूतीच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मान्यता भारताला २०१५ मध्ये मिळाली, त्यात मुख्य वाटा लसीचा आणि स्वच्छ प्रसूतीचा.

गडचिरोलीच्या त्या आरोग्यदूताजवळ वजनकाटा, तापमापक, श्वास मोजायचे साधन आणि छापील तक्त्यांची वही असे. खोलीत शिरल्यावर ती हात धुई, बाळाला झोळीत घालून काट्याला टांगी, वजन वाचून लिही, काखेतला ताप लिही, श्वास मोजून लिही, बाळ दूध ओढते की नाही आणि नाळ कोरडी आहे की चिघळली आहे हे पाहून त्यापुढे खूण करी, आणि बाळाची आई शेजारी बसून ते सारे पाहत असे. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा आणि पुढे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी तिला जावे लागे. म्हणजे पाचवी पुजणाऱ्या घरांत ज्या दिवशी सटवाईसाठी कोरा कागद मांडला जाई, त्याच दिवशी तिच्या वहीतील त्या बाळाच्या पानावर चौथ्या भेटीची ओळ भरली जाई.